हार्टमेट ३: पंप दुरुस्त करणाऱ्याच्या छातीतला पंप, चार वर्षांनंतर

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. कवठेमहांकाळला माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, एकतीस वर्षं झाली. पाणबुडी, मोनोब्लॉक, ओपनवेल, जे येईल ते उघडतो. ऐन छाटणीत द्राक्षबागायतदाराची मोटर जळली की तो आधी लाइटवाल्यांना शिव्या घालतो आणि मग मोटर ट्रॅक्टरवर टाकून माझ्याकडे येतो. तर पंप म्हणजे काय, तो कशानं बिघडतो आणि गिऱ्हाईक त्याचं काय वाटोळं करतं, एवढं मला कळतं.

नोव्हेंबर २०२१ पासून माझ्या स्वतःच्या छातीत एक पंप आहे. डॉक्टर त्याला एलव्हॅड म्हणतात, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूचं काम करणारा पंप. मॉडेल हार्टमेट ३, कंपनी अ‍ॅबट. या चार वर्षांत कुठून कुठून नंबर मिळवून लोकांचे फोन येतात, "आमच्या वडलांना सांगितलाय, घालू का?" प्रत्येकाशी तासभर बोलावं लागतं. म्हणून एकदा लिहून टाकतो.

मला हा का बसवावा लागला ते थोडक्यात. २०१६ ला हार्ट अ‍ॅटॅक, त्यानंतर हृदय फुगत गेलं. इको केला की पंपिंग पंचवीस, मग वीस, शेवटी पंधरा टक्के. तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपायचं, पाय सुजलेले, लघवीच्या गोळ्या मूठभर, संडासला जाऊन आलं तरी दम. शेवटचे दोन महिने तर सलाइनमधून औषध चालू असेल तरच हृदय चालणार अशी अवस्था. पहिला विचार ट्रान्सप्लांटचाच होता, पण माझ्या फुफ्फुसाकडच्या नळ्यांमधलं प्रेशर इतकं चढलं होतं की दुसऱ्याचं निरोगी हृदय बसवलं तर त्याची उजवी बाजू त्या प्रेशरपुढं लगेच दमेल, असं डॉक्टर म्हणाले. आधी पंप बसवू, वर्षभरात प्रेशर उतरलं तर ट्रान्सप्लांटचं बघू. ऑपरेशन चेन्नईत झालं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, कारण पुढं एक-दोन तक्रारीही आहेत.

निवडायला म्हणाल तर एकच मॉडेल होतं. हार्टवेअरचा एचव्हॅड नावाचा दुसरा पंप चालायचा, पण तो मेडट्रॉनिकने जून २०२१ मध्ये बाजारातून काढून घेतला. त्यात मेंदूच्या झटक्यांचं आणि मृत्यूंचं प्रमाण जास्त निघालं होतं, शिवाय पंप थांबला तर परत चालू होताना दगा देण्याचे प्रकार झाले होते. त्यामुळे मोठ्या माणसासाठी आता जवळपास हाच. दुकानात एकच कंपनी असली की भाव कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. सगळं मिळून माझं बिल कोटीच्या वर गेलं. महामार्गाला जमीन गेली होती, त्याचे पैसे अजून बँकेत होते म्हणून मी आज लिहितोय. विमा होता पाच लाखांचा. त्या विमा कंपनीनं आधी "हे उपकरण प्रयोगातलं आहे" असं पत्र पाठवलं, मग थोरल्या मुलीनं चार महिने भांडून ते पाच लाख सोडवले.

आता मुख्य मालाकडे येतो.

ऑपरेशनच्या आधी को-ऑर्डिनेटर मॅडमनी एक डमी पंप माझ्या हातात दिला. मला ऑक्सिजन लावलेला, पण तो हातात आल्यावर मी पंधरा मिनिटं आजार विसरलो. मुठीत मावेल एवढा, वजन दोनशे ग्रॅम, बॉडी टायटॅनियमची. मी पहिला प्रश्न विचारला, "याला बेअरिंग कुठलं?" त्या म्हणाल्या, "बेअरिंग नाहीच." मला वाटलं बाईंना प्रश्न कळला नाही. पण खरंच नाही. आतला इंपेलर, म्हणजे फिरणारं पातं, चुंबकावर तरंगतो, वर-खाली आणि बाजूनं, कशालाही न टेकता. त्याच्या भोवती अर्धा ते एक मिलिमीटरची फट आहे. आमच्या धंद्यात निम्म्या मोटरी बुश आणि थ्रस्ट बेअरिंग गेल्यामुळं येतात. झिजायला काही ठेवलंच नाही म्हटल्यावर मी उशीला टेकलो आणि हिला म्हटलं, "बसवूया."

ही फट का महत्त्वाची, ते याच्या आधीच्या मॉडेलवरून कळतं. हार्टमेट २ चा पंप दिसायला आपल्या पाणबुडीसारखा लांबट, धार सरळ आरपार जाणारा, आत रूबीची बेअरिंग, आणि रक्तानंच ती धुतली जायची. रक्त म्हणजे पाणी नव्हे. जिथं घासतं, तापतं, अडकतं, तिथं ते गोठतं. या दोन पंपांची समोरासमोर चाचणी अमेरिकेत झाली, मोमेंटम ३ नावाची, १०२८ रोग्यांवर. दोन वर्षांत जुन्या पंपात शंभरातल्या जवळपास १४ जणांच्या पंपात गुठळी धरल्याची शंका आली, नव्यात एक-दीड जणांच्या. पंप बदलायला परत छाती उघडावी लागणं जुन्यात ११.३ टक्के, नव्यात २.३ टक्के. एकाच कंपनीचा जुना माल आणि नवा माल, आणि एवढा फरक. माझ्या एकतीस वर्षांत मी असं कुठल्या मोटरीत पाहिलं नाही. नवीन मॉडेल म्हणजे बहुतेक वेळा जुनंच, फक्त तांब्याची तार बारीक केलेली.

पाच वर्षांचे आकडे २०२२ मध्ये आले. पाच वर्षांनी जिवंत असणारे नव्या पंपात ५८.४ टक्के, जुन्यात ४३.७. फोन करणारा इथं थांबतो. "म्हणजे शंभरातले बेचाळीस जातात?" हो, जातात. पण कुठल्या शंभरातले ते बघा. २००१ मध्ये अगदी पहिल्या पिढीच्या पंपाची चाचणी झाली, तेव्हा असल्याच शेवटच्या टप्प्यातल्या लोकांना नुसत्या औषधांवर ठेवलं होतं. त्यातले वर्षाअखेर २५ टक्के राहिले आणि दोन वर्षांनी ८ टक्के. पंपवाल्यांचेही तेव्हा फार बरे नव्हते, वर्षाला ५२ आणि दोन वर्षांना २३. तिथून इथवर आलेत. मी स्वतः ज्या अवस्थेत होतो, त्या अवस्थेत मला पुढची दिवाळी दिसेल असं कोणी लिहून दिलं नसतं.

कंबरेला पंपाचा कंट्रोलर असतो, त्यावर मला चार आकडे दिसतात. आत्ता लिहिताना पाहिले: वेग ५४००, फ्लो ४.३ लिटर मिनिटाला, पीआय (प्रवाहात उसळी किती आहे त्याचा आकडा) ३.६, पॉवर ४.१ वॅट. हे परत वाचा, चार वॅट. पाच एचपीची मोटर पावणेचार हजार वॅट खाते. रात्री देवघरात जळणाऱ्या झिरो बल्बपेक्षा कमी विजेवर माझं रक्त फिरतं, दिवसाला सहा हजार लिटरच्या वर. टँकरभर पाणी रोज. वेग मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे दिवसाला ७७ लाख ७६ हजार, ते चार वर्षं, न थांबता, ग्रीस नाही, ओव्हरहॉल नाही. शिवाय दर दोन सेकंदांनी तो स्वतःचा वेग एकदम पाडतो आणि चढवतो, म्हणजे आत कुठं रक्त साचून राहू नये. ज्यानं हे डोकं लावलं त्याच्या मी पाया पडेन.

एक गोष्ट मात्र पंपवाल्याच्या नजरेला लगेच खटकते. तो फ्लोचा आकडा मोजलेला नाही. आत फ्लो मीटर नाही. वेग, पॉवर आणि रक्त किती घट्ट आहे यावरून काढलेला अंदाज आहे. आपण स्टार्टरचे अँपिअर बघून "पाणी बरं पडतंय" म्हणतो, तसंच. त्यामुळे एका आकड्यानं घाबरू नका आणि एका आकड्यावर निर्धास्तही राहू नका. चारही आकडे रोज वहीत लिहा आणि कुठं सरकतायत ते बघा. माझ्या अशा अकरा वह्या झाल्यात.

दुसरी गोष्ट, याच्या डिलिव्हरीला एनआरव्ही, म्हणजे उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, नाही. तुमच्या विहिरीवर लाइट गेली तर व्हॉल्व्हमुळं पाइपातलं पाणी परत खाली येत नाही. इथं पंपातून धमनीकडं एक कापडी पाइप जातो, पंप थांबला तर धमनीतलं रक्त त्याच पाइपातून उलटं हृदयात शिरतं. म्हणून हा नुसता थांबला की आपण आधीच्या अवस्थेत परत येतो असं नाही, त्याहून वाईट होतं. माझ्या घरातल्या सगळ्या नियमांचं मूळ या एका वाक्यात आहे.

तिसरी, हेड म्हणजे समोरचा दाब वाढला की डिस्चार्ज म्हणजे बाहेर पडणारं पाणी कमी. सेंट्रिफ्यूगल पंपाचा हा धर्मच आहे आणि छातीत जाऊन तो बदलत नाही. बीपी वाढलं म्हणजे पंपासमोरचं हेड वाढलं. माझं सरासरी बीपी ८५ च्या आत ठेवायचं ठरलंय. बीपीची गोळी चुकली की संध्याकाळी फ्लो ३.७ वर आलेला दिसतो. हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते हसले आणि त्यांच्या शिकाऊ पोरांना बोलावून म्हणाले, "यांच्याकडून शिका."

आणि ड्राय रन, म्हणजे विहिरीत पाणी नसताना मोटर चालणं. ही माझी खरी गोष्ट, जरा सविस्तर सांगतो.

मे २०२३, जतकडे पुतणीच्या नणंदेचं लग्न. ऊन बेचाळीसच्या पुढं, मांडवात पत्रा, सकाळपासून मी दोन घोट पाण्यावर, कारण लघवीची गोळी घेतलेली आणि तिथं संडासची सोय लांब. अक्षता पडल्या आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. कंबरेला कंट्रोलर ओरडायला लागला, लाल हृदयाचं चिन्ह. फ्लो अडीच लिटरच्या खाली गेला की तो असा ओरडतो. विहिरीत पाणी उरलं नव्हतं आणि मोटर ओढतच होती. अशा वेळी हृदयाची भिंत पंपाच्या तोंडाशी ओढली जाते. पंप स्वतः वेग कमी करून सोडवायचा प्रयत्न करतो, शहाणा स्टार्टर असतो तसा, पण विहिरीत पाणी तो टाकू शकत नाही.

जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर, बिचारा एकटाच ड्यूटीवर. त्यानं मनगट धरलं, मग मान, मग जांघ. बीपीचं मशीन लावलं, ते फुगलं, फुसकन सुटलं, एरर. बोटाला क्लिप लावली, तीही आकडा दाखवेना. त्याचा चेहरा पांढरा. सिस्टरला म्हणाला, "पल्स नाही, बीपी नाही." मी म्हटलं, "डॉक्टर, मला नाडी नसतेच. चार दिवसांपूर्वीही नव्हती." तो माझ्याकडं बघतच राहिला. नाडी नसलेला माणूस बोलतो असं त्याच्या पुस्तकात कुठं लिहिलेलं नसणार. एक वॉर्डबॉय तर छाती दाबायच्या तयारीनं स्टुलावर चढला होता. तेवढ्यात आमच्या हिनं पिशवीतून लॅमिनेट केलेलं कार्ड काढून डॉक्टरच्या हातात दिलं आणि चेन्नईच्या को-ऑर्डिनेटरला फोन लावून त्याच्या कानाला धरला. पुढच्या पाच मिनिटांत सलाइन लागलं. अर्ध्या बाटलीत अलार्म थांबला, फ्लो ३.९. तो डॉक्टर नंतर स्टेथोस्कोप लावून दहा मिनिटं ऐकत बसला. ठोके नाहीत, नुसती घूं. म्हणाला, "काका, मिक्सर चालू असल्यासारखं वाटतंय."

त्याचा दोष नाही. बिनाठोक्याचं, एकसारखं रक्त वाहणाऱ्या माणसाची नाडी बहुतेक वेळा हाताला लागतच नाही. बीपी बघायला डॉप्लर (रक्त वाहतंय का ते आवाजावरून सांगणारं यंत्र) आणि हातानं फुगवायचा पट्टा लागतो. पण एवढ्यासाठी तुमच्या गावातल्या दवाखान्यात आधीच जाऊन तोंडओळख करून ठेवा. मी आता तालुक्यातल्या तीन ठिकाणी जाऊन सगळ्यांना छाती ऐकवून आलोय. माझी तक्रार चेन्नईच्या हॉस्पिटलबद्दल आहे. एवढा मोठा पंप बसवला, पण गावाकडच्या डॉक्टरसाठी एक पानाचं पत्र द्यायला, तेही मराठीत नको इंग्रजीत चालेल, दोन वर्षं मागावं लागलं.

आता केबल. फोनवर मी सगळ्यात जास्त यावरच बोलतो.

पंपाला वीज बाहेरून जाते. पोटाच्या भिंतीतून एक केबल बाहेर येते, ती कंट्रोलरला, कंट्रोलर दोन बॅटऱ्यांना. ही अडचण कुठल्या एका कंपनीची नाही, अशा सगळ्याच पंपांची आहे. कातडीला पडलेलं भोक आयुष्यभर उघडं. दोन वर्षांत साधारण चौघांत एकाला या केबलच्या वाटेवर इन्फेक्शन होतं, आणि या एका बाबतीत नवा पंप जुन्यापेक्षा सरस ठरलेला नाही. मी पहिलं दीड वर्ष बरा होतो. मग माझ्याच मूर्खपणानं घडलं. डॉक्टरांनी दुकानात बसायला परवानगी दिली होती, कामाला नाही. ग्राउलर (वायंडिंग तपासायचं चुंबकी यंत्र), वेल्डिंग, मोठ्या चुंबकाचं काही असेल तिथून लांब. पुतण्याला एक बेअरिंग निघेना म्हणून मी उठलो, आणि केबलचा वळसा व्हाइसच्या दांड्यात अडकला. एक हिसका. रक्त दोन थेंब. मी घरी सांगितलं नाही. नवव्या दिवशी पू.

सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, आणि आजही रोज एक गोळी, ती बहुतेक जन्मभर. पंप बंद पडला नाही, वायंडिंग जळलं नाही, इंपेलर अडकला नाही. केबलच्या ग्लँडमधून पाणी शिरलं, बस. आमच्या धंद्यातही हेच. हजार फुटांची बोअर, लाखाची मोटर, आणि बिघाड कुठं, तर शंभर रुपयांच्या केबल जॉइंटला.

ड्रेसिंग ही करते. मास्क, हात कोपरापर्यंत धुणं, निर्जंतुक हातमोजे, आतून बाहेर पुसत येणं, केबल पट्टीनं पोटाला पक्की करणं. पंखा बंद, दार बंद, नातीला आत यायला बंदी. पंचवीस मिनिटं लागतात. त्या वेळात मी बोललेलंही चालत नाही. सातवी शिकलेली बाई, पण चेन्नईच्या सिस्टरनं तिचा व्हिडिओ काढून नेला इतरांना दाखवायला. फोन करणाऱ्यांना मी पैशाचं विचारण्याआधी हे विचारतो, की रोज ड्रेसिंग कोण करणार? उत्तर "बघू, नर्स ठेवू" असं आलं तर मी त्यांना पुढच्या आठवड्यात परत फोन करायला सांगतो.

बॅटऱ्या दोन, मिळून किलोभराच्या. नव्या असताना एक जोडी सतरा तासांपर्यंत जाते असं म्हणतात. मला चौदा-पंधरा मिळतात आणि मी बारा तासांच्या पुढं जात नाही. बदलताना एका वेळी एकच काढायची. दोन्ही एकदम काढल्या तर कंट्रोलरच्या पोटात पंधरा मिनिटांचा साठा आहे, पण त्याच्या भरवशावर कुणी राहू नये. तीन वर्षांनी किंवा ३६० वेळा चार्ज झाल्यावर बॅटरी बदलायची, हा खर्च आधी कुणी नीट सांगत नाही. आमच्या विक्रेत्यानंही सांगितला नव्हता. २०२४ च्या दिवाळीत अचानक आठ बॅटऱ्यांचं कोटेशन आलं आणि सोनं मोडावं लागलं.

रात्री झोपताना बॅटरीवर नाही, भिंतीच्या लाइटवर जोडून झोपायचं, कारण गाढ झोपेत अलार्म ऐकू आला नाही तर? सोबत विसेक फुटांची वायर असते, तेवढ्यात संडासपर्यंत जाता येतं. पण आमच्याकडची लाइट म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. वादळ झालं की डीओ, म्हणजे डीपीवरचा फ्यूज, उडतो आणि सकाळपर्यंत कुणी येत नाही. मी प्युअर साइन वेव्हचे दोन इन्व्हर्टर लावलेत, एक चालू, एक राखीव. अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा भरून नव्यानं केला. महावितरणच्या कार्यालयात डॉक्टरांचं पत्र देऊन ठेवलंय. तिथला वायरमन माझा जुना दोस्त, आमच्या लाइनची लाइट गेली की त्याचा फोन माझ्या आधी येतो.

रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, दोन ते तीनच्या मध्ये. जानेवारीत हरभऱ्याची कोवळी भाजी आली आणि मी चार दिवस भाकरीबरोबर ओरपली, तर आयएनआर १.६. मेथी, पालक, शेपू सोडायचं नाही, पण रोज तेवढंच खायचं. दुसऱ्या टोकाला रक्तस्राव. पंपाच्या वेगात रक्तातला गोठायला मदत करणारा एक लांब रेणू तुटतो आणि आतड्यात नाजूक शिरांची जाळी तयार होते, त्यातून रक्त झिरपतं. सप्टेंबर २०२३ मध्ये मला डांबरासारखं काळं व्हायला लागलं, हिमोग्लोबिन ६.८, रक्ताच्या तीन बाटल्या. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये एरीज नावाच्या चाचणीचा निकाल आला. हार्टमेट ३ च्या ६२८ लोकांवरची. गोठू नये म्हणून देतात त्यातलं अ‍ॅस्पिरिन काढून टाकलं तरी गुठळ्या वाढल्या नाहीत आणि रक्तस्राव ३४ टक्क्यांनी कमी झाला. माझं अ‍ॅस्पिरिन तेव्हाच बंद केलं. तुमच्या रोग्याचं अजून चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनानं बंद करू नका.

२०२४ मध्ये कंपनीनंच जाहीर केलेली एक सूचनाही माहीत असू द्या. पंपातून धमनीकडं जाणारा जो कापडी पाइप आहे, त्याच्या आणि बाहेरच्या आवरणाच्या मध्ये हळूहळू शरीरातला मळ साचून पाइप बाहेरून दाबला जाऊ शकतो, बहुतेक दोन वर्षं उलटल्यावर. लो फ्लोचा अलार्म वारंवार येत असेल तर स्कॅन करून बघतात. माझा गेल्या जूनमध्ये केला, पाइप मोकळा आहे.

उजव्या बाजूबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. आमच्याकडं म्हैसाळ योजनेचं पाणी येतं. कृष्णेतून उचलून एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर चढवत आणतात. पहिल्या टप्प्याचे पंप दमलेले असतील तर दुसऱ्या टप्प्यावर नवा कोरा पंप बसवून उपयोग काय? हृदयाचंही तेच. हा पंप फक्त डावीकडचं काम करतो. उजवी बाजू तुमची जुनीच. चेन्नईत माझ्या वेळी चौघांचे पंप बसले. त्यातला एक विजापूरकडचा मास्तर, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, त्याचा पंप उत्तम चालू असताना उजवी बाजू बसली आणि पाचव्या आठवड्यात गेला. शेवटच्या दिवशीही कंट्रोलर हिरवाच होता. दुसऱ्याला ट्रान्सप्लांट मिळालं, तो विशाखापट्टणमला मजेत आहे. तिसरीला दोनदा रक्तस्राव झाला, पण ती शाळेत शिकवते. चौथा मी.

मलाही ट्रान्सप्लांटचं विचारलं होतं. फुफ्फुसाचं प्रेशर दीड वर्षात उतरलं, पंपानं सांगितलेलं काम केलं. पण काढलेलं हृदय साधारण चार तासांत बसवावं लागतं, आणि कवठेमहांकाळहून चार तासांत मी कुठं पोचणार? म्हणजे महिनोन्‌महिने चेन्नईत खोली घेऊन फोनची वाट बघायची. शिवाय त्या तीन बाटल्या रक्तामुळं शरीरात अँटिबॉडी वाढल्या, म्हणजे जुळणारं हृदय मिळणं आणखी अवघड. मी नको म्हटलं. हिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं, ते वेगळं.

काय करता येत नाही? एमआरआय नाही. पाण्यात उतरणं नाही, अजिबात. अंघोळ जखम भरल्यावर सगळं पिशवीत बांधून शॉवरखाली. विहिरीत उतरून फुटव्हॉल्व्ह काढणारा माणूस मी, आता काठावर उभा राहून पोरांना ओरडतो. आषाढीनंतर गर्दी ओसरल्यावर पंढरपूरला गेलो होतो, चंद्रभागेत पायरीवर बसून हिनं तांब्यानं पायावर पाणी घातलं. काय करता येतं? तीन किलोमीटर चालतो, जिना चढतो, दुकानात सकाळ-संध्याकाळ बसतो, आडवा झोपतो. एका उशीवर.

स्टार द्यायचे तर पंपाला पाचपैकी पाच, अर्धाही कापत नाही. केबलच्या भोकाला दोन. बॅटरीला तीन. किमतीला एकही नाही. आणि हॉस्पिटलमधून घरी पाठवताना देतात त्या माहितीला दीड, तोही त्या को-ऑर्डिनेटर मॅडमसाठी, त्या रात्री दोन वाजताही फोन उचलतात.

शेवटची एक कामाची गोष्ट. बॅटऱ्यांचे पट्टे खांद्यावरून घेतले की आमच्या मे महिन्यात घामोळं उठतं. आमच्या इथल्या शिंप्यानं मला बंडी शिवून दिली, जुन्या माणसांची असते तशीच, सुती. काखेखाली दोन्ही बाजूंना एकेक खोल खिसा, बॅटरी क्लिपसकट मापून, तळाला दुहेरी कापड कारण वजन तिथंच येतं. पोटाशी डावीकडं कंट्रोलरचा खिसा, त्याला वर झाकण आणि दोन बटणं. केबलसाठी आतून एक बोगदा, चेन नको, चेनीत अडकते. खांद्याला रुंद पट्टी. वरून शर्ट घातला की कुणाला काही कळत नाही. विजापूरच्या मास्तरची बायको एकदा भेटायला आली होती, तिनं दोन बंड्या शिवून चेन्नईला नव्या रोग्यांसाठी पाठवल्या. माप हवं असेल तर कळवा, कागदावर काढून फोटो पाठवतो.